स्वतः ऐकून पसंत

फुलर्टन, ९ मार्च २००९

अम्पारो,

हे पत्र फाडण्याआधी निदान अर्धं वाच. उरलेल्या अर्ध्यात मी बहुधा कुरकुरच केलेली असेल, तेवढं न वाचता टाकलंस तरी चालेल.

तुला पेनहॅलो कंपनीच्या वकिलाची नोटीस आल्याचं मला तुझ्या चेला आत्याकडून कळलं. ती रविवारी चर्चमधून परस्पर माझ्याकडे आली आणि दारातच सुरू झाली. "फर्म्या, पोटच्या पोरीला कोर्टात खेचतोस?" मी म्हटलं, बाई, मला या गुडघ्यांनी कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत खेचवत नाही, मी कोर्टात कुणाला खेचणार? तिला हसू आलं नाही. ओट्यावरचा गोड पाव उचलून खाल्ला आणि वर म्हणाली की तो शिळा आहे.

तर स्पष्ट लिहितो. ती नोटीस मी पाठवलेली नाही, पाठवा असंही कुणाला सांगितलेलं नाही. पेनहॅलोवाले काही करण्याआधी मला विचारतात असा तुझा समज असेल तर तो काढून टाक. ते अधूनमधून गाडी पाठवतात, अनाहाइमच्या कारखान्यात नेतात, नवा नमुना वाजवून दाखवतात. मी मान हलवतो, सही करतो. मग विकायच्या प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी पडते, 'फर्मीन ओल्मेडो यांनी स्वतः ऐकून पसंत केलेला.' माझा संबंध तेवढाच.

आता नोटिशीबद्दल. तू तिकडे सिल्व्हर सिटीत गिटारचे जे पिकअप बनवतेस त्यांवर 'अम्पारो ओल्मेडो' लिहितेस, आणि कंपनी म्हणते 'ओल्मेडो' हे नाव पिकअपवर लिहायचा हक्क आमचा. कायद्याने त्यांचं बरोबर आहे. सहा वर्षांपूर्वी ते नाव मी त्यांना विकलं, दुकान आणि यंत्रंही विकली. मी तुला आधी सांगितलं नाही, हा तुझा राग. पण सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, मग सांगून काय उपयोग होता? अनाहाइमच्या प्रदर्शनात तू आपलं छोटं टेबल मांडत होतीस आणि समोरच्या भल्यामोठ्या फलकावर तुला माझा चेहरा दिसला. ती पद्धत चुकली, एवढं मान्य. फलक जरा लहान हवा होता.

माझं ऐकशील तर दुसरं नाव घे. आईच्या माहेरचं घे ना, कारास्को. चांगलं भारदस्त आहे. गिऱ्हाईक काय नाव वाजवतं का? ते पिकअप वाजवतं.

आमच्या चर्चमध्ये नवे पाद्री आलेत. परवा मला विचारलं, तुम्ही आयुष्यभर काय केलंत? मी म्हटलं, विजेच्या गिटारच्या तारांखाली एक छोटी डबी बसते, तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक, त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळलेली. वरची तार थरथरली की आवाज त्या डबीतून निघतो, गिटारच्या लाकडातून नव्हे. ती डबी मी करायचो. पाद्री त्यावर काहीतरी पुटपुटले. मी मान हलवली. हल्ली सगळेच पुटपुटतात, कुणाला तोंड उघडून बोलायला शिकवतच नाहीत.

बाकी ठीक. चहाची किटली जळाली, दुसरी आणली, तीही जळाली. आजकालच्या किटल्यांना शिट्टीच धड नसते.

नावाचं मनावर घे.

पापा


फुलर्टन, १४ एप्रिल

अम्पारो,

तुझं उत्तर चेलाच्या तोंडून मिळालं. तिने ते माझ्या तोंडावर येऊन, ओरडून सांगितलं, त्यामुळे शब्दन् शब्द पोचला. "त्यांना सांग, त्यांनी नाव विकलं असेल. मी ते विकत घेतलेलं नाही, मी त्या नावाने जन्मले."

वाक्य झकास आहे. न्यायाधीशासमोर टिकायचं नाही, पण झकास आहे.

तू म्हणशील, म्हातारा चेष्टा करतो. नाही पोरी. मी दमलोय. मला भांडायचा कंटाळा आलाय आणि भांडण मिटवायचाही. तू हे नाव सोडलंस तर तुला तुझं काम करता येईल, मला माझ्या खुर्चीत बसता येईल, आणि चेला तिच्या घरी जाईल. एका नावासाठी तू तुझी सगळी कमाई वकिलाच्या खिशात घालणार. त्याऐवजी तार घे, चुंबक घे.

आज तुला एक मजा सांगायला बसलो होतो. परवा कंपनीने पुन्हा बोलावलं. ब्रायस डेन्टन आठवतो? नाही, तू कुठून ओळखणार, तो तुझ्यानंतरचा. नव्या मालाचा प्रमुख आहे. मुलगा वाईट नाही, फक्त सदा तोंडात च्युइंगम, त्यामुळे काय बोलतो ते त्याच्या आईलाही कळत नसेल. वाजवायला नेहमीचा कर्टिस पोप होता. टकला, पोट सुटलेला, बेकर्सफील्डच्या दारूगुत्त्यांमध्ये तीस वर्षं वाजवलेला माणूस. या वेळी एक वकीलबाईही कोपऱ्यात बसल्या होत्या. मला वाटलं, नवी पद्धत असेल.

दोन एकसारख्या गिटारी. दोन्हींच्या पिकअपवर फडकं चिकटवलेलं, आत काय आहे ते दिसू नये म्हणून. ब्रायस म्हणाला, "एक आमच्या नव्या यंत्रावरचा आहे. दुसरा कुणाचा ते तुम्ही सांगायचं, फर्मीन."

कर्टिसने पहिली वाजवली. बरी होती, त्यात काय. मग दुसरी घेतली. चार सूर झाले असतील नसतील, मी हात वर केला. "हा माझा. हा मी माझ्या हाताने गुंडाळलाय, दुकानातल्या जुन्या यंत्रावर, आमच्या चांगल्या दिवसांत." ब्रायसने वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांनी विचारलं, खात्री आहे? मी म्हटलं, बाई, आईला आपलं पोर अंधारात ओळखता येतं.

सगळे खूश झाले. एका कागदावर हेच वाक्य लिहून माझी सही घेतली. मग बाहेर उभ्या असलेल्या खाण्याच्या गाडीवरून गाईच्या जिभेचे टाको मागवले. कर्टिस चार खाऊन वर माझ्यातला एक घेऊन गेला. पुष्कळ दिवसांनी मला माणसात असल्यासारखं वाटलं.

म्हणून सांगतो, नाव कुणाचंही असो, हात कुणाचा ते लपत नाही. तुझा हातही लपणार नाही. कारास्को घे.

पापा


फुलर्टन, २६ मे

अम्पारो,

तो तुझा होता.

हे तुला माझ्याआधी कळलं. तुझ्या वकिलाला कंपनीने कागद पाठवले, त्यांत माझी सही असलेला कागद होता. तू तो चेलाला पाठवलास. चेला तो घेऊन माझ्या अंगणात आली आणि तिथूनच ओरडायला लागली. शेजारचा ट्रॅन आपला बागेचा पाइप तसाच वाहता सोडून कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

"तुझ्या अकलेला कुलूप लागलं होतं का रे? त्यांनी पोरीचा पिकअप दुकानातून विकत आणला, तुझ्यासमोर ठेवला, आणि तू छाती फुगवून सांगितलंस की हा माझा!"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"तुलाच तर माहीत असायला हवं होतं! जगात दुसऱ्या कुणाला माहीत असणार?"

मी कागद तीनदा वाचला. माझं आईचं आणि अंधाराचं वाक्य तसंच आहे. खाली वकिलांनी आपली भर घातली आहे. मुलीचा माल खुद्द बापालाही स्वतःच्या मालापासून वेगळा ओळखता येत नाही, मग साधं गिऱ्हाईक फसणार नाही का? सबब या बाईंना ओल्मेडो नाव वापरण्याची मनाई व्हावी. म्हणजे तुझं नाव काढून घ्यायला त्यांना जो दाखला हवा होता, तो मीच त्यांना दिला, आणि वर टाको खाऊन आलो.

खरं सांगू? मला आधी तुझाच राग आला. कोण तुला इतकं चांगलं करायला सांगत होतं? अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसलीस, तार दोन बोटांतून सोडायला शिकलीस, आणि शेवटचे थर मुद्दाम सैल सोडायचीस. मी ओरडायचो, घट्ट, घट्ट, मेणात बुडवल्यावर सैल थर हलतात. तू ऐकायची नाहीस. तुझी आई म्हणायची, दोघं एकाच दगडाचे. पण मग सैल थरांचा पिकअप मी माझा म्हणून कसा उचलला? हे चेलाने विचारलं नाही, तिला धंद्यातलं कळत नाही. तू विचारशील. तू आतापर्यंत विचारलंही असशील, एकटीच.

त्याचं उत्तर आज लिहीत नाही. दमलोय.

कंपनीने मला साक्षीला बोलावलंय, सांता आनाला, जुलैत. माझ्या सहीवरच सगळं उभं आहे म्हणे. ब्रायसचा निरोप आला, घाबरायचं काही नाही, जे लिहून दिलंय तेच म्हणायचं.

पापा


फुलर्टन, १९ जून

अम्पारो,

तुझं कार्ड मिळालं. "कसं काय ओळखलंत?" एवढंच लिहिलंयस, खाली सहीसुद्धा नाही. सहा वर्षांत तुझ्या हातचे हे पहिले तीन शब्द. मी ते फ्रिजवर लावले होते. चेलाने काढून ड्रॉवरमध्ये ठेवले, म्हणाली, येताजाता प्रश्न बघत बसशील आणि उत्तर देणार नाहीस.

तर उत्तर.

चेला मला मंगळवारी कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मला सांगितलं गुडघ्याच्या डॉक्टरकडे जातोय, आणि मी गाडीत बसलो. तिथे एका बाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की दाबा. सुरुवातीला काही घूं घूं झालं, ते मी दाबलं. मग काहीच नाही. मी वाट पाहत बसलो. मला वाटलं यंत्र बिघडलं, बाई दुरुस्त करत असतील. थोड्या वेळाने त्या दार उघडून आत आल्या आणि म्हणाल्या, झालं. मी म्हटलं, सुरू कधी झालं?

डॉक्टरांनी आलेख दाखवला. डावीकडे रेघ ठीक चालली होती, मग एकदम खाली. सगळ्या वरच्या पट्ट्या गेल्या. पक्षी, रातकिडे, किटलीची शिट्टी, बायकांच्या बोलण्यातली निम्मी अक्षरं. आणि गिटारची सगळी चमक, जिच्यासाठी लोक पिकअप विकत घेतात. डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसात झालेलं नाही, निदान पाच-सहा वर्षं चाललेलं असणार. तुमचा धंदा काय होता? मी म्हटलं, सुतार होतो.

चेलाने तोंडावर हात धरला. 

मला माहीत होतं का? अगं, माहीत असतं आणि नसतं. दुकान विकलं त्या वर्षी मला वाटायचं, कंपन्या तारा वाईट विकायला लागल्या, आवाज मरतो. मग वाटलं सगळे ॲम्प्लिफायर बिघडलेत. मग वाटलं माणसं पुटपुटतात. पुढे पुढे एकेक गोष्ट चुकत गेली आणि मी प्रत्येकीला दुसरं कुणीतरी दोषी शोधत गेलो. तू होतीस तेव्हा बरं होतं. तू वाजवून बघायचीस, नाक मुरडायचीस, आणि मी म्हणायचो, हो, मलाही तसंच वाटतं.

ही पाच-सहा वर्षं कारखान्यात मी ऐकतच नव्हतो. मी कर्टिसकडे बघत होतो. पिकअप भिकार असेल तर तो जोरात वाजवतो, मान खाली घालून, लवकर संपवायला बघतो. बरा असेल तर नेहमीच्या चार चाली वाजवतो आणि घड्याळाकडे बघतो. त्या दिवशी दुसरी गिटार हातात घेतली आणि चार सुरांनंतर त्याचा उजवा हात हळू झाला. अगदी हलका. त्याचे खांदे उतरले. तो कुठे बसलाय, कोण बघतंय, सगळं विसरला. मला वाटलं, हा माणूस एवढा कशाने विसरला? माझ्याच पिकअपने असणार, दुसरं काय असणार. आणि मी हात वर केला.

तर पोरी, मी तुझा हात ओळखला असं मला सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं. तुलाही कदाचित बरं वाटलं असतं. पण मी काहीच ओळखलं नाही. मी फक्त एक टकला माणूस सुखात बघितला, आणि त्या सुखावर माझं नाव ठोकून मोकळा झालो.

काल ब्रायस घरी आला होता. पीचची पेटी घेऊन. समोर बसवून घेतला, च्युइंगम थुंकायला लावलं. मी म्हटलं, समज मी साक्षीत म्हटलं की माझी चूक झाली, मला ओळखू आलं नाही, तर?

तो म्हणाला, "फर्मीन, तुमची चूक होत नसते. तुमचा कान म्हणजे आमची जाहिरात. लोक त्या चिठ्ठीसाठी जास्तीचे पैसे मोजतात."

"आणि माझी पोर?"

"तिला कोण त्रास देतंय? तिने काम करावं की, खुशाल करावं. फक्त दुसऱ्या नावाने."

मी तुला मार्चमध्ये हेच लिहिलं होतं. त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते किती घाणेरडं वाक्य आहे ते कळलं.

मला भीती वाटते, अम्पारो. तुला माहीत नाही, शनिवारी नाश्त्याला खानावळीत मी गेलो की अजून लोक जागा करून देतात. तिशीतली पोरं गिटारी घेऊन येतात, आदराने म्हणतात, डॉन फर्मीन, जरा ऐका ना, काय कमी आहे? मी त्यांच्या हातांकडे बघतो आणि काहीतरी सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर निघतं. नाव विकलंच आहे. आता हे कानही गेले म्हणून सांगितलं तर त्या बाकावर बसलेला म्हातारा कोण उरेल? मला खरंच माहीत नाही.

पापा


फुलर्टन, २४ जुलै

अम्पारो,

साक्ष झाली. तुझा वकील तुला कागद पाठवेलच, पण कागदावर चेहरे येत नाहीत, म्हणून लिहितो.

कोर्टाआधीची जबानी, म्हणून सांता आनातलं एक ऑफिस, लांब टेबल, पाण्याचे जग. एका टोकाला लघुलेखिका, एका बाजूला तुझा वकील, पोरगेलासा आहे, टाय वाकडा होता. समोर कंपनीच्या वकीलबाई, त्यांच्या शेजारी ब्रायस. तू नव्हतीस. मी खोलीत शिरताना बघून घेतलं होतं.

वकीलबाई कागदात बघून बोलत होत्या. मला ओठ दिसेनात. मी म्हटलं, "बाई, माझ्याकडे बघून बोला." त्यांना वाटलं मी तोरा दाखवतोय.

"मिस्टर ओल्मेडो, ही तुमचीच सही ना?"

"माझीच."

"तुम्ही म्हणालात, दुसरा पिकअप तुम्ही स्वतः बनवलेला आहे."

"म्हणालो."

"आणि तो निघाला तुमच्या मुलीचा. म्हणजे तुमच्यासारख्या जाणकारालाही दोन्हींत फरक ऐकू आला नाही. बरोबर?"

"फरक सोडा," मी म्हटलं, "मला पिकअपच ऐकू आला नाही."

त्या हसल्या. त्यांना वाटलं विनोद. मी खिशातून डॉक्टरांचा आलेख काढून टेबलावर सरकवला. तुझ्या वकिलाने तो आधी पाहिला, त्याचा टाय आणखी वाकडा झाला.

"हे काय आहे?"

"माझे कान. इथून पुढे काही नाही, ही रेघ बघा. पाच-सहा वर्षं झाली."

मग बराच वेळ सगळ्यांचे ओठ एकदम हलत होते, मला कुणाचंच काही कळलं नाही. शेवटी वकीलबाई माझ्याकडे नीट बघून, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "मग या वर्षांत तुम्ही जेवढे नमुने पसंत केलेत, ते कसे केलेत?"

"वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे बघून."

"म्हणजे स्वतः ऐकून नाही."

"नाही."

"एकही?"

"एकही नाही, बाई."

त्यांनी विचारायला नको होतं. ब्रायसने त्यांच्या बाहीला हात लावला होता, पण त्या विचारून बसल्या. लघुलेखिकेची बोटं थांबली, तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मग ते टाइप केलं. मी ब्रायसकडे पाहिलं. मला वाटलं होतं तो चिडेल. तो रडवेला झाला होता. शाळेत असल्यापासून माझे पिकअप वाजवत होता म्हणे, हे मला मागाहून जिन्यात सांगितलं, च्युइंगम न चघळता. "फर्मीन, मला तरी सांगायचं होतंत." मी म्हटलं, बाळा, मी माझ्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

तुझ्या वकिलाने एकच प्रश्न विचारला. "मुलीचा पिकअप आणि तुमचा, सारखे आहेत का?"

मी म्हटलं, "ती शेवटचे थर सैल सोडते, मी घट्ट ओढतो. मी तिला त्यावरून अकरा वर्षं ओरडलो. त्या दिवशी वाजवणाऱ्याचं जे झालं ते माझ्या पिकअपने कधी झालेलं मी पाहिलं नाही. सारखे नाहीत."

घरी येताना चेलाने गाडी चालवली. मध्येच एका बाजूला थांबवली आणि माझा हात धरून बसली. मागच्या गाड्या भोंगे वाजवत असणार. तिने मला तसं सांगितलं नाही.

पापा


फुलर्टन, ४ ऑक्टोबर

अम्पारो,

कंपनीने खटला मागे घेतला आणि तुझं पूर्ण नाव तुझ्या पिकअपवर राहील असं लिहून दिलं, हे चेलाने मला पाटीवर खडूने लिहून दाखवलं. लहान पोराला दाखवतात तसं. मग त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं: अम्पारो ओल्मेडो. मी ती पाटी अजून पुसू दिलेली नाही.

खोक्यांमधली माझी चिठ्ठीही त्यांनी काढून टाकली. ते बरोबरच केलं. आता गाडी येत नाही. नाव मात्र त्यांचंच राहिलं, ते मी विकलंय. या देशात 'ओल्मेडो' लिहून पिकअप विकायचा हक्क आता दोघांना आहे, एक कंपनी आणि एक तू. मी त्यात नाही. विचित्र वाटतं, पण झोप लागते.

बातमी सगळीकडे गेली. गिटारवाल्यांच्या मासिकात आली, कुणीतरी कार्टूनही काढलं, माझ्या डोक्याला कानांच्या जागी पिकअप लावलेत. शनिवारी खानावळीत गेलो तर कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं असणार, कारण सगळे हसले. मी मान हलवून पसंत केलेले पिकअप ज्यांनी विकत घेतले त्यांतल्या काहींनी पैसे परत मागितलेत म्हणे. मागू देत. मी दोन शनिवार गेलो नाही. मग कर्टिस पोप दारात येऊन उभा राहिला, मला गाडीत घातलं, आणि त्या बाकावर स्वतः माझ्या शेजारी बसला.  बोलला असेल तर मला कळलं नाही. माझ्या ताटातलं अंडं मात्र खाल्लं.

डॉक्टरांनी कानात घालायला यंत्रं दिलीत. जवळ समोर बसून बोललं तर थोडं कळतं. फोनवर त्यांचा काही उपयोग नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहितो.

गेल्या रविवारी तू फोन केलास. चेलाने दिवा लुकलुकणारा फोन आणून दिलाय, त्याच्या काचेवर तुझ्या गावचा नंबर दिसला. मी उचलला. तूच होतीस. आवाज तुझा आहे एवढं कळलं, खालून येणारी तुझी ती घरघर, सर्दी झाल्यासारखी, ती मला अजून ऐकू येते. शब्द नाही आले. एकही नाही.

मला तेव्हाच सांगायला हवं होतं की मला कळत नाहीये, थांब, लिहून पाठव. पण सहा वर्षांनी तू बोलत होतीस आणि मला ते मध्ये तोडवेना. तू बराच वेळ बोललीस. मी हूं, हूं करत होतो. एकदा तू भराभर बोललीस, बहुधा भांडलीस. मग हळू झालीस. मग थांबलीस. म्हणजे काहीतरी विचारलंस.

मी हो म्हणालो.

 मग जे काही झालं ते हसणं होतं की रडणं, मला समजलं नाही. मी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून उभा होतो. मग दिवा विझला.

अम्पारो, तू काय विचारलं होतंस ते लिहून कळव. जे असेल ते असो. उत्तर तेच आहे.

पापा